तणावपूर्ण, पण नियंत्रणात

सरकारी बातम्यांवर लोकांचा विश्वास असतो का, हे आकाशवाणीवरूनच विचारायचे म्हणजे गंमतच. पण विचारू या.

विश्वास असतो, मात्र सगळ्या बातम्यांवर सारखा नसतो. कोयनेचे दरवाजे उघडले, समुद्र खवळला आहे, मच्छीमारांनी जाऊ नये, असे रेडिओने सांगितले की कोणी शंका काढत नाही. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. शंका येते ती सरकार स्वतःविषयी बोलू लागले की.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून एक वाक्य सांगतो. 'परिस्थिती तणावपूर्ण, पण नियंत्रणात आहे.' दंगलीच्या दिवसांत हे कानावर पडले की आमच्या मोहल्ल्यातल्या बाया आधी पिठाचा डबा उघडून पाहत, मग बाहेर गेलेल्या मुलासाठी दारात येऊन उभ्या राहत. वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांना खरा वाटे. दुसऱ्याची खात्री करायला बीबीसीची हिंदी सेवा लावली जाई. खरखरीतून आवाज जवळ येई, दूर जाई, आणि सगळे श्वास रोखून बसत.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीने मृत्यूची बातमी दिली ती संध्याकाळी. बीबीसीने ती त्याआधीच दिली होती. मधले तास अफवांना मिळाले.

आता बीबीसीही काही आभाळातून पडलेली नव्हती. तिच्या जागतिक सेवेचा खर्च २०१४ पर्यंत मुख्यतः ब्रिटनचे परराष्ट्र खातेच देत असे. पैसा सरकारचाच, पण बातमी लिहिणाऱ्याच्या खुर्चीमागे मंत्री उभा नाही, असे ऐकणाऱ्याला वाटे. आपल्याकडे आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर वर्गीज समितीने १९७८मध्ये स्वायत्तता सुचवली. कायदा १९९०मध्ये झाला आणि प्रसार भारती अवतरली १९९७मध्ये. एकोणीस वर्षे! मधेच, १९९५मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता ठरवली. तरी २०११च्या धोरणाने खासगी एफएमला मुभा दिली ती आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याचीच.

बीबीसीचे हिंदी रेडिओ प्रसारण जानेवारी २०२०मध्ये थांबले. वाहिन्यांवरच्या आरडाओरड्याला कंटाळलेले आमच्या गल्लीतले म्हातारे मोबाइलवर आलेला मजकूर पडताळायला पुन्हा आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लावतात. तिथे ती बातमी आली तर प्रश्न मिटतो. नाही आली, की बिचारे एकमेकांकडे पाहत राहतात: खोटी होती म्हणून आली नाही, की खरी होती म्हणून?