स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याचा संपादक

पुस्तक छापून घेणे हे काम हल्ली पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही. अक्षरजुळणी घरच्या संगणकावर होते, पन्नास प्रतीही छापून मिळतात, आणि पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. त्यामुळे कोणी निवृत्त अधिकारी आत्मवृत्त लिहितो, कोणी गृहिणी आयुष्यभराच्या कविता एकत्र करते, आणि प्रकाशकाच्या दारी न जाता पुस्तक स्वखर्चाने काढले जाते. यात कमीपणा कसलाच नाही. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेची पीटर नावाच्या सशाची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा १९०१ साली तिने तिच्या २५० प्रती स्वतःच छापून घेतल्या होत्या.

मात्र प्रकाशकाला वगळताना लेखक एक गोष्ट नकळत गमावून बसतो. प्रकाशक केवळ पैसा घालीत नसतो. तो नकारही देत असतो. हे प्रकरण नको, येथे वाचक कंटाळेल, असे बजावण्याचा त्याला अधिकार असतो, कारण भांडवल त्याचे असते. स्वखर्चाने छापणाऱ्यास असे बजावणारा कोणी उरत नाही. मुद्रकाला पृष्ठे वाढली तर हवीच असतात, आप्तेष्टांना मन मोडवत नाही, आणि लेखकाच्या दृष्टीने तर आपला तो बाब्याच असतो. म्हणून हा नकार त्याला विकत घ्यावा लागतो. ज्याला मोबदला द्यावयाचा त्याच्याकडूनच विरोध ऐकावयाचा, हे मनाला सहजासहजी रुचत नाही. आणि मोबदला घेणाऱ्यालाही गिऱ्हाईक दुखविणे नकोसे वाटते. ही भीड जो मोडू शकतो, तोच योग्य संपादक होय.

असा मनुष्य शोधण्यापूर्वी काम कोणते करून घ्यावयाचे हे ठरविले पाहिजे. ऱ्हस्वदीर्घ तपासणे, छापील मजकूर हस्तलिखिताशी ताडून पाहणे हे मुद्रितशोधकाचे काम. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम ज्याला अवगत आहेत, तो ते उत्तम करील. वाक्ये सुबोध करणे, तपशिलांतील विसंगती दाखविणे हे याहून निराळे. आणि पुस्तकाची मांडणीच चुकली असेल, तर ती दाखवून देणे हे सर्वांत अवघड. पुष्कळ लेखक पहिल्या कामाचा मोबदला देतात व तिसऱ्याची अपेक्षा धरतात. मग पुस्तक निर्दोष छापले जाते, परंतु वाचले जात नाही.

‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ साली बंद पडले, तरी श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या तिच्या संपादकांचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते याच तिसऱ्या कामासाठी. कथेत काय उणे आहे हे ते पत्राने कळवीत. ती पुन्हा लिहिण्याचे काम लेखकाचेच राही. पॉटरबाईंच्या पुस्तकाचेही असेच झाले. १९०२ साली फ्रेडरिक वॉर्न या संस्थेने ते काढले, तेव्हा चित्रे रंगीत झाली, आणि आधीच्या आवृत्तीतील कित्येक चित्रे गाळली गेली. बाईंनी स्वतः पैसे खर्चून छापलेली ती चित्रे होती.

निवड करताना संपादकाच्या नावलौकिकापेक्षा त्याच्या कामाची पारख करावी. कवितासंग्रहावर उत्तम काम करणारा आत्मवृत्ताला उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून त्याने संपादिलेली त्याच प्रकारची दोन पुस्तके आधी वाचावीत. मग हस्तलिखिताच्या मध्यावरची दहा पृष्ठे, सुरुवातीची नव्हेत, योग्य मोबदला देऊन दोघातिघांकडे पाठवावीत. सुरुवात प्रत्येक लेखक घोटून लिहितो. हात सैल होतो तो मध्येच. पृष्ठे परत आल्यावर समासात पाहावे. नुसती स्तुती असेल तर तो मनुष्य निरुपयोगी. प्रत्येक वाक्य बदललेले असेल तर तो धोक्याचा. वऱ्हाडातील आजीच्या तोंडी तो पुण्याची भाषा घालील आणि आजी पुस्तकातून नाहीशी होईल. ज्याच्या पृष्ठांवर प्रश्न असतील — हा काका कोण, ही घटना लग्नाआधीची की नंतरची, येथे राग आला तो कोणाचा — तो जवळ करावा. असे प्रश्न वाचून लेखकाला प्रथम संताप येतो आणि दोन दिवसांनी तो पुन्हा लिहावयास बसतो.

विक्रीची वा पुरस्काराची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. काम कोणते, मुदत किती, मोबदला किती व केव्हा, हे लेखी असावे. आणि अखेरचा शब्द लेखकाचा राहील, हेही त्यात नमूद असावे. संपादकाचे प्रत्येक म्हणणे मानलेच पाहिजे असे नाही. मात्र न मानण्याचे कारण लेखकाला स्वतःशी सांगता आले पाहिजे.

खर्चाचा प्रश्न उरतोच. पुष्कळांची बचत मुखपृष्ठात, जाड कागदात आणि प्रकाशनसमारंभात संपते, व संपादकासाठी काही उरत नाही. पुढे न खपलेले गठ्ठे माळ्यावर जातात. पाचशेऐवजी तीनशे प्रती छापाव्या आणि वाचलेली रक्कम छपाईपूर्वीच संपादकासाठी बाजूला काढावी. वाचक दोष कळवीत नाही. तो विसाव्या पानावर पुस्तक मिटून ठेवतो. ते मिटण्यापूर्वी कोणीतरी लेखकाला सावध केलेले बरे.