वस्तींतलीं मुलें आणि माहितीपट

पुण्याच्या वायव्येस पिंपरी-चिंचवड आणि उत्तरेस चाकण असा जो कारखान्यांचा पट्टा आज पसरलेला आहे, त्याचा इतिहास फार जुना नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. १९८२ सालीं येथें महानगरपालिका झाली. आणि २००९ सालीं चाकणला जर्मन मोटारींचा कारखाना सुरू झाला. एका माणसाच्या आयुष्यांत मावेल एवढ्या काळांत शेतांचें शहर झालें. परंतु ज्यांच्या हातांनीं हें शहर उभें राहिलें, त्यांचीं मुलें त्या शहरांत कोठें आहेत, असें कोणी विचारलें तर उत्तर देणें सोपें नाहीं. तीं बांधकामावरील पत्र्याच्या खोल्यांत आहेत, वीटभट्ट्यांच्या कडेला आहेत, भंगार वेंचणाऱ्यांच्या वस्तींत आहेत. एक इमारत पुरी झाली कीं बिऱ्हाड हलतें, आणि बिऱ्हाडाबरोबर मुलाची शाळाही सुटते.

अशा मुलांविषयीं एखादा शैक्षणिक माहितीपट काढावा, असें कोणास वाटलें तर तो विचार स्तुत्यच होय. कॅमेरा आतां खिशांत मावतो आणि चित्र घेण्यास पूर्वींसारखा खर्चही येत नाहीं. तथापि साधन सोपें झालें म्हणून काम सोपें होतें असें नाहीं. हें चित्र कोणी पाहावें म्हणून काढावयाचें, आणि त्यांत बोलावयाचें कोणीं, या दोन प्रश्नांचीं उत्तरें कॅमेरा हातीं घेण्यापूर्वींच ठरवावीं लागतात.

यांपैकीं बोलण्याचा प्रश्न विलायतेंत पूर्वींच पुढें आला होता. १९३५ सालीं आर्थर एल्टन आणि एडगर ॲन्स्टी यांनीं ‘हाऊसिंग प्रॉब्लेम्स’ हा लहानसा माहितीपट तयार केला. लंडनच्या स्टेपनी भागांतील मोडकळीस आलेल्या घरांत राहणारीं माणसें त्यांत स्वतः कॅमेऱ्यापुढें उभीं राहून उंदरांविषयीं, किड्यांविषयीं, खचलेल्या जिन्यांविषयीं बोलतात. त्या काळीं ही गोष्ट नवी होती. त्यांना बोलतें करण्यांत रुबी ग्रियरसन या बाईंचा मोठा भाग होता. कॅमेरा तुमचाच समजा, अशी त्यांची भूमिका होती. परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. त्याचा खर्च गॅसच्या धंद्यांतील संघानें केला होता, आणि नव्या घरांत गॅसच्या शेगड्या याव्यात हा त्याचा हेतु उघड होता. म्हणून रहिवासी आपलें दुःख तेवढें सांगतात. उपाय मात्र अधिकारी आणि तज्ज्ञ सांगतात.

पिंपरी-चाकणच्या पट्ट्यांत हा प्रश्न उद्भवल्यावांचून राहणार नाहीं. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याकडे खर्च करावे लागतात, आणि शिक्षण हा त्यांतील एक मान्य विषय आहे. हा पैसा घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र चित्रांत देणगीचीं बाकें दिसलीं आणि बापाची कंत्राटी मजुरी, दर कांहीं महिन्यांनीं हलणारें बिऱ्हाड हीं दिसलीं नाहींत, तर तें शिक्षण नव्हे, जाहिरात होय.

चित्र कोणासाठीं, या प्रश्नाचें उत्तर पुण्यांतच सांपडतें. कर्वे समाजसेवा संस्थेंत अध्यापन केलेल्या सुमित्रा भावे झोपडवस्तींतील स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करीत होत्या. ज्यांच्याविषयीं हा अभ्यास, त्यांनाच त्याचा लेखी अहवाल वाचतां येणार नाहीं, ही अडचण त्यांच्या ध्यानांत आली, आणि त्यांतून १९८५ सालीं ‘बाई’ हा लघुपट निघाला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हें खरें. परंतु वस्तींतल्या बाईला तो पाहतां आणि समजतां यावा, हा त्यामागील विचार त्या पुरस्काराहूनही मोलाचा आहे.

मुलांच्या बाबतींत हा विचार अधिकच जपावा लागतो. चिंचवड येथें क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीचें ‘पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्’ आहे. भटक्या व विमुक्त जमातींतील मुलें तेथें शिकतात. या कार्यामागील गिरीश प्रभुणे यांस २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली. यांपैकीं कित्येक जमातींना इंग्रजी अमदानींत १८७१ च्या व त्यापुढील कायद्यांनीं जन्मतःच गुन्हेगार ठरविलें होतें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. त्याचा कलंक मात्र पुसला गेला नाहीं. अशा एखाद्या मुलाच्या चित्रावर ‘गुन्हेगारीच्या अंधारांतून प्रकाशाकडे’ असें निवेदन जो चढवील, तो कितीही सद्हेतूनें बोलत असो, रद्द झालेला कायदाच त्या मुलाला पुन्हां वाचून दाखवीत असतो.

मग चित्रांत दाखवावें काय? जें पाहून कोणास कांहीं करतां येईल तें. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे. वयाचा दाखला नाहीं म्हणून मुलास प्रवेश नाकारतां येत नाहीं. जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश अडवूनही ठेवतां येत नाहीं. बांधकामावर विटा वाहणाऱ्या आईला हें कोणीं सांगितलेलें नसतें. दाखल्यावांचून शाळेच्या कचेरींत गेलेल्या आईस काय विचारतात, ती काय उत्तर देते, तिची भाषा तेथें कोणास समजते कीं नाहीं, एवढें एक दृश्य शंभर केविलवाण्या चेहऱ्यांहून अधिक शिकवील. १९८८ सालीं मुंबईस सुरू झालेली आणि पुढें पुण्यांत आलेली ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था शाळाच मुलाच्या दाराशीं नेते. माहितीपट काढणाऱ्यानेंही तसेंच दाराशीं जावें, आणि एकदां नव्हे तर वर्षभर जावें. आषाढांत ज्या खोलीचें चित्र घेतलें ती दिवाळीनंतर रिकामी आढळली, तर ती रिकामी खोलीही चित्रांत यावी.

कायद्याचें एक बंधन विसरतां कामा नये. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें काळजी व संरक्षण यांची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असें नांव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. आणि रस्त्यावर राहणारें, भीक मागणारें किंवा बेकायदा कामास लावलेलें मूल त्या व्याख्येंत येतें. परंतु कायदा जेथें थांबतो तेथेंही माणुसकी थांबूं नये. बापानें कागदावर अंगठा उठविला म्हणजे मुलाची संमति मिळाली असें होत नाहीं. तयार झालेलें चित्र प्रथम त्या वस्तींतच दाखवावें, आणि एखादें मूल स्वतःला पाहून मान खालीं घालील तर तेवढा भाग काढून टाकावा.

कारण चित्र पाहणारे क्षणभर हळहळतात आणि विसरतात. तें मूल मात्र मोठें होतें. उद्यां तें चाकणच्या एखाद्या कारखान्यांत नोकरी मागण्यास जाईल, तेव्हां त्याचें लहानपणचें चित्र कोणाच्याही खिशांतल्या फोनवर असेल. त्या दिवशीं त्यास त्या चित्राची लाज न वाटतां, ‘हा मीच’ असें सांगतां आलें, तरच तो माहितीपट शैक्षणिक म्हणावयाचा.