बाळाची झोप आणि घराचा क्रम

एकोणिसाव्या शतकात इंदूर हे माळव्याच्या अफूच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. ही अफू मुंबईमार्गे चीनला जाई. पण अफू घरच्या पाळण्यातही पोहोचली होती. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक माता तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळगोळी’ देत. मूल सांभाळणारे कोणी नसे, म्हणून हा उपाय. परंतु ती झोप नव्हे, गुंगी होती. अफूने श्वास मंदावतो. मात्रा चुकल्यास थांबतोही. आज सर्दीचे गुंगी आणणारे औषध झोपेसाठी पाजणे, हा त्याच मोहाचा नवा अवतार होय.

खरी झोप सवयीने लागते. पहिले दोन-तीन महिने बाळाला दिवस-रात्र उमगत नाही. तोवर वेळापत्रकाचा आग्रह व्यर्थ आहे. 4 ते 12 महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून 12 ते 16 तास झोप लागते. सहा महिन्यांनंतर बहुधा सकाळी एक व दुपारी एक डुलकी पुरते. मालीश, स्नान, दूध आणि मग निजणे, हा क्रम रोज ठरल्या वेळी पाळावा. बाळ डोळे चोळू लागताच त्याला सपाट अंथरुणावर उताणे निजवावे. जवळ उशी किंवा सैल पांघरूण नसावे. सराफ्याच्या आसपास मध्यरात्रीपर्यंत गजबज असते. अशा घरांनीही रात्री दिवा मंद ठेवावा आणि सकाळी खिडकी उघडावी.

गुंगी लवकर येते. सवयीला काही आठवडे लागतात. गिरणीतल्या त्या मातेला न मिळालेला आधार तेवढे दिवस घरातील सर्वांनी आईला द्यावा.