दाराशी आलेला प्राणी



राज्यातल्या प्राणिशास्त्र प्राध्यापकांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल मी परिषदेचा आणि कार्यकारिणीचा आभारी आहे. माझ्याहून अधिकारी माणसं समोर बसली आहेत असं म्हणायची रीत आहे. यंदा ते खरंही आहे. यजमानांची व्यवस्था चोख आहे. दिवंगत सहकाऱ्यांना आपण सकाळी आदरांजली वाहिली आहेच.

अध्यक्षाने विषयातल्या नव्या संशोधनाचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा मी लिहून दिला आहे, स्मरणिकेत छापलाही आहे. तिथे वाचा. मला दिलेला वेळ मी एकाच गोष्टीवर खर्च करणार आहे. अभ्यास मंडळाच्या बैठकांत ही गोष्ट नेहमी ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात पडायची आणि तिथवर येईपर्यंत सदस्यांच्या एस.टी.ची वेळ झालेली असायची. आज माझी एस.टी. रात्रीची आहे.

२०१९चा खरीप आठवा. आदल्या वर्षी कर्नाटकात पहिल्यांदा दिसलेली अमेरिकन लष्करी अळी तोवर आपल्याकडच्या मक्यात पोचली होती. आमच्या भागातला एक शेतकरी पोंग्यातल्या अळ्या खाऊच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात गेला. नाव सांगत नाही. इथे त्या विभागाची माणसं असतील, नसतीलही. विभागात कीटकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेले दोघं होते, एकाची पीएच.डी.ही कीटकांवरच. शेतकऱ्याला उत्तर मिळालं, ‘हे कृषी खात्याचं काम आहे, पंचायत समितीत विचारा.’ तो डबा घेऊन परत फिरला. तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाने डबा उघडला, अळी बोटावर घेतली, डोक्यावरचं इंग्रजी वायच्या आकाराचं उलटं चिन्ह दाखवलं, शेपटीच्या बाजूला चौकोनात बसलेले चार ठिपके दाखवले आणि नाव सांगितलं. हा मुलगा माझा विद्यार्थी. बी.एस्सी.ला दुसऱ्या वर्गात पास झालेला. औषधं विकता विकता तो जे शिकला, ते आमच्याकडे तीन वर्षं बसून त्याला शिकता आलं नव्हतं.

माझी तक्रार एवढीच आहे. आपल्या तालुक्यातला माणूस हातात एखादा प्राणी घेऊन आपल्या दाराशी येतो आणि तो काय आहे हे आपल्याला सांगता येत नाही. आता तर तो यायचाही थांबला आहे. आणि आपण मात्र विभागाला राष्ट्रीय मूल्यांकनात किती गुण पडले ते एकमेकांना विचारतो.

हे असं का झालं? माझ्या मते आपण प्राणी कायम विकत आणले म्हणून. पुरवठादार पोत्यात बेडूक घेऊन यायचा, बर्फात मुशी यायची, संग्रहालयातल्या बरण्या कॅटलॉग बघून मागवल्या जायच्या. आजही कुठल्याही जुन्या विभागात जा. फॉर्मालिनमध्ये पांढराफटक पडलेला नमुना, त्यावर पुरवठादाराचं लेबल. नाव आहे, पण कुठे सापडला, कधी सापडला, कोणी गोळा केला, यातलं एकही अक्षर नाही. वर्गीकरणाचं काम करणाऱ्या माणसाला विचारा, ठिकाण आणि तारीख नसलेल्या नमुन्याची किंमत काय. शून्य. आपण असल्या बरण्यांवर पिढ्यानपिढ्या ‘स्पॉटिंग’ची परीक्षा घेत आलो. मुलं प्राणी ओळखत नव्हती, बरणी ओळखत होती. झाकणाला तडा गेलेली ती समुद्रकाकडी, हे मला विद्यार्थी असतानाच पाठ होतं.

या रोगावर आपल्याकडे एकदा औषध शोधलं गेलं होतं, हे जास्त लागतं. लखनौ विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ कर्म नारायण बहल. भारतातली मुलं युरोपातल्या गांडुळाचं वर्णन वाचतात आणि समोर असतं इथलं गांडूळ, ज्याची रचना निराळी, हे त्यांना खटकलं. त्यांनी भारतीय प्राण्यांवर पुस्तिकांची मालाच सुरू केली. फेरेटिमा या गांडुळावरची त्यांची स्वतःची पुस्तिका १९२६ची. त्याआधीच त्यांनी दाखवून दिलं होतं की या गांडुळाच्या पुष्कळशा उत्सर्जन-नलिका त्याच्या आतड्यातच उघडतात. समोरचा प्राणी नीट पाहिला म्हणून हे सापडलं. आता त्या पुस्तिकेला शंभर वर्षं होत आली. बहलांनी जे केलं ते आपण आपापल्या तालुक्यात पुढे न्यायला हवं होतं. आपण काय केलं? बहलांचं गांडूळ पाठ केलं. विदर्भात, कोकणात, भीमेच्या काठी सगळीकडे तेच गांडूळ, तीच आकृती, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून या वर्षीच्या जर्नलमध्ये उतरवलेली. त्या प्राण्याचं शास्त्रीय नाव बदलून मेटाफायर झालं, तरी आपल्या जर्नलांना पत्ता नाही. आणि विभागामागच्या खतखड्ड्यात जी गांडुळं आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो, ती बहुधा आयसेनिया फेटिडा असतात. ती मूळची युरोपातली! बहल असते तर हसले असते की चिडले असते, कोण जाणे.

आता प्राण्यांच्या विच्छेदनाचा वाद. उद्या त्यावर परिसंवाद आहे आणि दोन्ही बाजूंचे वक्ते बाह्या सरसावून आले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४मध्ये ते बंदच केलं. तेव्हापासून एक गट म्हणतो, प्राणिशास्त्र मेलं. दुसरा म्हणतो, संगणकावर सगळं दिसतं. मी दोन्ही काळांत शिकवलं आहे, तेव्हा परिसंवादाआधीच निकाल देऊन टाकतो.

मेणाच्या ट्रेमध्ये बेडकाच्या रोहिण्या उघड्या करण्यात माझ्या एका विद्यार्थ्याचा हात इतका सफाईदार होता, की बाहेरून आलेले परीक्षकही खुर्ची सोडून त्याच्या टेबलापाशी उभे राहायचे. पुढच्या पावसाळ्यात तो धावत माझ्याकडे आला. ‘सर, वसतिगृहामागच्या डबक्यात एक विचित्र प्राणी आहे, पिवळाजर्द, आणि गळ्याशी दोन निळे फुगे.’ आम्ही छत्र्या घेऊन गेलो. तो आपला नेहमीचाच बेडूक होता. प्रजननकाळातला नर, हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. आपल्या जर्नलात अजून राना टायग्रिनाच. ज्याचं पोट त्याने वर्षभर फाडलं, तो जिवंत समोर बसून ओरडत होता आणि याला तो ओळखता आला नाही. विच्छेदन गेलं तेव्हा विषय मेला असं म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे: तो त्याआधी जिवंत कुठे होता? आणि संगणकवाल्यांनी एक सांगावं. तुमच्या पडद्यावरचा बेडूक कधी पिवळा होतो का?

दुसरा वाद डीएनए बारकोडचा. बाह्य लक्षणांवरून ओळखणं कालबाह्य झालं, आता ऊतीचा तुकडा पाठवला की नाव येतं, असं आपले तरुण सहकारी सांगतात. येतं ना. पण ते नाव ज्या साठ्याशी ताडून येतं, त्या साठ्यातले नमुने आधी कोणीतरी डोळ्यांनीच ओळखलेले असतात, हे ते सांगत नाहीत. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणारा एक जण काटेरी, चिलखत घातल्यासारखा काळा मासा घेऊन विभागात आला होता. त्या माशाने जाळं फाडलं म्हणून तो वैतागलेला. विभागात पीसीआर यंत्र होतं, अनुदानातून घेतलेलं, धूळ बसू नये म्हणून कापडाखाली झाकलेलं. रसायनं संपली होती, नवीन खरेदीची निविदा अडकली होती. ओळख पटवली ती प्रथम वर्षाच्या एका पोराने, घरी काचेची टाकी ठेवणाऱ्या. ‘सर, हा सकर. काच साफ करायला ठेवतात.’ दक्षिण अमेरिकेतला मासा, शोभेसाठी आणलेला, मोठा झाल्यावर कोणीतरी पाण्यात सोडलेला. चिलापी माशाने भीमेत आधीच काय करून ठेवलं आहे, ते कोळ्यांना विचारा; त्यात आता ही भर. यंत्राशी माझं भांडण नाही. पण पाहणारा डोळा घडवणं हे विभागाचं पहिलं काम आणि यंत्र दुसरं.

असा डोळा लाभलेले पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली. त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर, बऱ्याच विभागांत साजरा होतो. रांगोळी स्पर्धा होते, फ्लेक्स लागतो, फोटो अहवालात जातो. या माणसाला विद्यापीठाची पदवी नाही म्हणून पक्षिशास्त्रज्ञाची नोकरी नाकारली गेली होती. मग त्यांनी अलिबागजवळ किहीमला मुक्काम ठोकून सुगरण पक्ष्याची वसाहत दिवसचे दिवस न्याहाळली आणि १९३०च्या सुमारास असं काही लिहिलं, की सुगरणीवर बोलणाऱ्या कोणालाही ते टाळता येत नाही. किती विभागांनी मुलांना सकाळी विहिरीवरच्या बाभळीखाली दोन तास बसवलं? रांगोळी घालायला तेवढाच वेळ लागतो.

तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांकडून मुलांना घेऊन बाहेर पडण्याची ही अपेक्षा करताना मला संकोच वाटतो. उन्हाळ्यात पगार नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल का ते ठाऊक नाही, आणि हा म्हातारा सांगतो ओढ्यावर जा. त्यांच्या नेमणुकांचा ठराव उद्या येतो आहे. त्याला माझा पाठिंबा आहे. पण कायम नोकरीत असलेल्यांना ही सबब नाही.

मग करायचं काय? प्रत्येक विभागाने आपल्या तालुक्यातल्या प्राण्यांची नोंदवही सुरू करावी. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, पाहणाऱ्याचं नाव, फोटो. पकडापकडी नको, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि बरेच प्राणी त्याच्या कक्षेत येतात. अडलं तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे विचारावं. नोंदवह्या एकत्र कोण करणार, छापायच्या की संगणकावर ठेवायच्या, पैसा कुठून, हे कार्यकारिणीने बघावं. एक समिती नेमावी असं म्हणणार होतो, पण समित्यांची गत मला ठाऊक आहे.

त्यापेक्षा एक छोटं काम आजच अंगावर घ्या. जूनमध्ये महाविद्यालयं उघडतील, त्याच वेळी पाऊसही येईल. विभागाच्या दारावर एक पाटी लावा: ‘येथे प्राणी ओळखून मिळेल.’ शिंप्याच्या दुकानावर असते तशी, मराठीत, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात. त्याखाली वेळ लिहा आणि त्या वेळेत खुर्चीत बसा. ओळख पटली नाही तर आलेल्या माणसाचा फोन नंबर लिहून घ्या आणि शोधून कळवा. दिवाळीच्या सुट्टीत मी प्रत्येक विभागप्रमुखाला पत्र पाठवून विचारणार आहे, पाटी लागली का आणि पहिला कोण आला. उत्तर पोस्टकार्डावर चालेल.