तामलवाडीची हद्द आणि परदेशी सूनबाई



सोलापूरहून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं, उळे मागं पडलं, की तामलवाडी येते. आज तिथं जिल्हा बदलतो आणि टोल भरावा लागतो. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत मात्र या शिवारात राज्यच बदलत होतं. सोलापूरकडं इंग्रजांचा मुलूख, आमच्याकडं निजामाची मोगलाई. आमचा रुपया हाली, त्यांचा कलदार. सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती यायचे. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागायची. पण सोलापूरची लेक मोगलाईत नांदायला आली, तर ती किती दिवस राहणार, असं कुणी विचारत नव्हतं. कोजागरीला तुळजापूरच्या देवीच्या दर्शनाला पायी निघालेली माणसंही हीच हद्द ओलांडून जायची.

आता शिक्षणाला, नोकरीला परदेशी गेलेली आपली मुलं जोडीदार घेऊन येतात. कुणाची सून जर्मनीची, कुणाचा जावई अमेरिकेचा. आठ दिवसांची सहल असली तर फारसा प्रश्न येत नाही. पण तिला इथं वर्षभर राहायचंय, मराठी शिकायचंय, सासूच्या हाताखाली ज्वारीची भाकरी थापायचीय, असं ठरलं की कागद सुरू होतात. त्यातले काही कागद घरमालकाचे, म्हणजे तुमचे-माझे असतात, आणि त्यांचा आपल्याला पत्ता नसतो.

सगळ्यात आधी नात्याचं बघा. दोघं लग्नाशिवाय पाच-सात वर्षं एकत्र राहत असतील, तिकडं समाजानं आणि सरकारनंही ते मान्य केलं असेल. आपल्याकडं व्हिसा देताना अशा जोडीदाराला पाहुणाच धरतात. त्याला पर्यटक व्हिसा मिळतो, आणि तो वर्षाचा असो की पाच वर्षांचा, त्यावर सलग 180 दिवसांपलीकडं राहता येत नाही. काही देशांच्या लोकांना तर त्याहूनही कमी. नोंदणी केलेलं लग्न असेल तर भारतीयाच्या पती-पत्नीसाठी एन्ट्री व्हिसा आहे. त्याला एक्स व्हिसा म्हणतात. लांब मुक्कामाचा सरळ रस्ता तोच.

मग काही जण म्हणतात, इथंच येऊन लग्न लावू. जरूर लावा. पण विशेष विवाह कायदा 1954 चा आहे आणि त्याला घाई चालत नाही. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात आधीचे किमान 30 दिवस राहिलेला हवा. मग नोटीस द्यायची आणि हरकतींसाठी पुन्हा 30 दिवस थांबायचं. आता तीस दिवसांचा ई-व्हिसा घेऊन आलेल्या मुलीचं काय होईल, तुम्हीच हिशेब करा. हळद लागायच्या आत तिचा परतीचा दिवस उजाडतो. नोटिशीची अट मला तरी जाचक वाटते. दोन सज्ञान माणसांचा बेत भिंतीवर लावून गावाला हरकत विचारायची, यात कुणाचं भलं होतं? पण कायदा आहे तोवर व्हिसा त्या हिशेबानंच घ्यावा.

ती आली, ओवाळून घरात घेतली. इथून पुढचं काम यजमानाचं. परदेशी माणूस घरी उतरला की 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. यालाच लोक सी फॉर्म म्हणतात. हे फक्त लॉजवाल्यांचं काम, असा आपला समज असतो. घरी ठेवून घेणाऱ्यालाही ते लागू आहे. शिवाय व्हिसा 180 दिवसांहून मोठा असेल आणि मुक्कामही तेवढा लांबणार असेल, तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. मुंबईत त्याचं वेगळं कार्यालय आहे. आपल्यासारख्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी. अर्ज आता ऑनलाइन होतो. ‘घरची सून, तिला पोलिसात कशाला न्यायची’ असं आजी म्हणणारच. तिला समजवायचं काम मुलाचं.

कागद माणसाला कसा अडवतो, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढं मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्याच्या वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ. चित्रकार दिएगो रिवेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं, एवढा त्यांचा तिकडं मान. 1936 मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. देश स्वतंत्र झाला, आणि यायचं म्हटलं तर इंग्रजांच्या काळ्या यादीत खानखोज्यांचं नाव तसंच शिल्लक! स्वतंत्र भारताच्या सरकारनंही त्यांना आधी परवानगी नाकारली. पुढं ती मिळाली, ते नागपुरात स्थायिक झाले आणि 1967 मध्ये वारले. अडवलं कुणाला, तर वर्ध्यात जन्मलेल्या माणसाला.

आता पुन्हा सूनबाईकडं येऊ. नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झाली की परदेशी पती-पत्नीला ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान-बांगलादेशशी संबंध असलेल्यांना ते मिळत नाही. कार्ड मिळालं की मुक्कामाला मुदत नाही, नोंदणीची कटकट नाही. मतदान मात्र नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर गोष्ट वेगळी. तेव्हा सूनबाईच्या नावावर दोन एकर घेऊन द्राक्षं लावायचा बेत असेल, तर खरेदीखत मुलाच्याच नावानं करा. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होतं, हेही तिला आधीच सांगून ठेवावं, लपवू नये.

आणि लग्न परदेशात झालं असेल, तर तिथल्या दाखल्यावर अपोस्टिलचा, म्हणजे दाखला खरा असल्याचा, शिक्का ती निघण्याआधी तिकडंच मारून घ्या. तो धाराशिवला मिळत नाही, तुळजापूरला तर नाहीच नाही.