पोलादी नळीची जाडी

श्रोतेहो, नाशिककडे विहीर खणताना आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, हे आपणांस ठाऊकच आहे. घराचा पाया त्या पाषाणावर टेकला, की काळजी मिटली. पण जेथे पाषाण हाती लागतच नाही, तेथे काय करावयाचे?

1974 साली मुंबई हाय येथे समुद्राखाली तेल सापडले. तेथील प्लॅटफॉर्म जागचे हलू नयेत म्हणून पोलादी नळ्या समुद्रतळात खोल ठोकलेल्या आहेत. अशा नळीची भिंत किती जाड असावी? वरचा भार पेलेल इतकी, असे आपण चटकन म्हणू. मी गणिताचा मास्तर. मलाही तसेच वाटे. परंतु भार ही तीन परीक्षांपैकी एकच.

दुसरी परीक्षा घणाची. गुरांचा खुंटा ठोकताना त्याचे डोके पिंजते ना? तसे पातळ नळीचे डोके चेपते, आणि टोक दगडाला अडले तर दुमडते. शिक्षकबंधूंनी वर्गात करून पाहावे. कागदाच्या एका तुकड्याची अरुंद, अनेक वेढ्यांची आखूड नळी करा. तेवढ्याच दुसऱ्या तुकड्याची रुंद, एकाच वेढ्याची. दोन्ही वरून सरळ दाबा. कागद तेवढाच, पण रुंद नळी आधी सुरकुतेल. म्हणून जाडी व्यासाशी ताडून पाहावी लागते. समुद्रात ठोकायच्या नळ्यांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा किमान जाडीचा आडाखा सोपा आहे: व्यासाचा शंभरावा भाग, अधिक 6.35 मिलिमीटर. म्हणजे 1 मीटर व्यासाला 16.35.

तिसरी परीक्षा गंजाची. युरोपीय मानकात समशीतोष्ण समुद्रासाठी 50 वर्षांची झीज अशी धरली आहे: लाटांच्या माऱ्यात 3.75 मिलिमीटर, सतत पाण्याखाली 1.75. न उकरलेल्या नैसर्गिक मातीत मात्र अवघी 0.6. आपला समुद्र उष्ण. हिशेब अधिकच जपून करावा.

तर मग सगळीच नळी जाड का करू नये? 1 मीटर व्यासाच्या नळीत एक मिलिमीटर जाडी वाढवली, की दर मीटर लांबीमागे सुमारे 25 किलो पोलाद वाढते, बरं का! म्हणून जाणकार इंजिनिअर टोकाशी, लाटांच्या पट्ट्यात आणि समुद्रतळाजवळ, जेथे नळी अधिक वाकते, तेथे जाडी वाढवतो. इतरत्र कमी ठेवतो.

घराची भिंत तडकली तर दिसते. खाली दुमडलेली नळी वरून दिसत नाही. तेव्हा अशा नळ्यांवर कोठे पूल उभा राहत असेल, तर खोली किती एवढेच विचारून थांबू नका. गंजासाठी जाडी किती धरली, हेही विचारा.