जीवदयेला निरीक्षणाची जोड
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या कुशीत कपिलधार वसले आहे. 'परमरहस्य' ग्रंथाचे कर्ते संत मन्मथस्वामी यांची ही समाधिभूमी. पावसाळ्यात येथे धबधबा कोसळतो, कार्तिक पौर्णिमेला वीरशैव बांधवांची यात्रा भरते. याच जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. जीवसृष्टीची ओळख करून घेण्यास याहून योग्य पाठशाळा कोणती?

जैन समाजाला जीवदया नव्याने शिकवावी लागत नाही. परंतु दशवैकालिक सूत्राने दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे, याचे स्मरण आवश्यक आहे. ज्या जीवाची ओळखच नाही, त्याचे रक्षण कसे होणार?

अमेरिकेत नाताळच्या दिवशी पक्ष्यांच्या शिकारीची चढाओढ चाले. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुचविले, की पक्षी मारण्याऐवजी मोजावेत. त्या वर्षी २७ जणांनी गणना केली; ती परंपरा आजही चालू आहे. सामान्य नागरिकांनी शास्त्रासाठी नोंदी करण्याच्या या पद्धतीस नागरिक विज्ञान म्हणतात. भारतात ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली ९४२ जातींचा अहवाल सिद्ध झाला.

तो अहवाल अंतर्मुख करणारा आहे. मोर आणि पारवा यांची संख्या वाढत आहे. मात्र शिकारी पक्षी आणि माळरानावरचे पक्षी घटत आहेत. चबुतऱ्यावर टाकलेले धान्य पारव्याला पोहोचते. माळावर घरटे करणाऱ्या पक्ष्याला हवा असतो मोकळा, अबाधित माळ. दाणे टाकण्यामागील भावना पवित्रच आहे. पण केवळ तेवढ्याने जीवदया पूर्ण होत नाही, हे नोंदींनीच दाखविले.

प्रशिक्षण अवघड नाही. पाठशाळेच्या मुलांनी पहाटे ठरावीक जागी पंधरा मिनिटे शांत उभे राहावे. टिटवी, कोतवाल, बुलबुल, तितर, मोर, जे दिसेल वा ऐकू येईल ते सर्व संख्येसह लिहावे. तारीख, वेळ, स्थळ नोंदवावे. ओळख न पटल्यास तसे लिहावे, अंदाजाने नाव देऊ नये. हे सत्यव्रतच आहे. घरट्याजवळ जाऊ नये, पिलांना हात लावू नये, ही अहिंसा. पुढची जमीन पाहत, जीव वाचवीत चालण्याची ईर्यासमिती येथे सहज अंगी बाणते. एका निरीक्षकाला सत्याचा एकच अंश दिसतो, अनेकांच्या नोंदी जुळल्या की चित्र पूर्णत्वाकडे जाते. अनेकान्ताचा याहून सोपा पाठ नाही.

डॉ. सालिम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. २०२५ मध्ये कार्तिक पौर्णिमा नेमकी ५ नोव्हेंबरला आली होती. चातुर्मासाच्या सांगतेचा हाच काळ. दरवर्षी या सुमारास पाठशाळेची एक तुकडी कपिलधारला जावी आणि तिची नोंदवही न्यासाने जपावी.

पन्नास वर्षांत न्यासाने जे उभारले, ते डोळ्यांना दिसते. पुढील पन्नास वर्षांनी कपिलधारच्या डोंगरात कोणते पक्षी उरले, याची साक्ष त्या वह्या देतील. वह्या कोऱ्या राहिल्या, तर काय गमावले हेही कळणार नाही.

जय जिनेंद्र!